मंगळसूत्र ओढलं कुणी, हे सर्वांत शेवटी विचारायचं

रिमांड, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत पाठवण्याचा हुकूम, यावर मी वर्गात चाळीस मिनिटं बोलले होते. पोलीस कोठडी कशाला म्हणतात, न्यायालयीन कोठडी कशाला, दिवस कसे मोजायचे, सगळं फळ्यावर मांडून झालं होतं. तास संपला, मी खडू पुसत होते, तेवढ्यात रामबागेतला एक मुलगा टेबलापाशी आला. म्हणाला, "मॅडम, सगळं समजलं. पण तुमच्या उदाहरणातल्या त्या मुलानं मंगळसूत्र ओढलं होतं की नाही?"

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि आठवड्यातल्या तीन सकाळी एका विधी महाविद्यालयात शिकवते. वर्ग हिंदीत चालतो, आमच्या मराठी पोरांच्या शंका जिन्यात मराठीत येतात. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. तसं पाहिलं तर त्यात चुकीचं काही नाही. घरी बातमी वाचताना, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना माणूस हेच विचारणार. पण फौजदारी प्रक्रियेचा पेपर ज्यांना जड जातो, त्यांना बहुधा याच प्रश्नापायी जड जातो. ही संहिता, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा हे सांगणारा कायदा, दर टप्प्यावर निराळा प्रश्न विचारते. ठाण्यातला प्रश्न वेगळा, रिमांडचा वेगळा, आरोप ठेवतानाचा वेगळा. ‘केलं की नाही’ हा प्रश्न रांगेत अगदी शेवटी उभा असतो. मधेच घुसवला की पुढचं सगळं बिनसतं.

वर्गात मी एक उदाहरण घेते. ते मीच रचलेलं आहे आणि दर वर्षी तेच असतं. राजेंद्रनगरातल्या एक काकू पहाटे सहाला देवळात निघाल्यात. मागून मोटारसायकलवर दोघं येतात, मागे बसलेला मंगळसूत्र ओढतो, आणि काही कळायच्या आत गाडी दिसेनाशी होते. काकूंनी चेहरा ओझरता पाहिला. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे लक्षात राहिले.

आता काकू ठाण्यात जातात. आमच्याकडे ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला सगळे ‘टीआय’ म्हणतात. त्या टीआयनं स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच: या बाई सांगतायत ते खरं धरून चाललं, तर दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, होतो का? बाई खरं बोलतायत का, हे त्यानं आत्ता ठरवायचं नाही. होत असेल तर नोंद करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली हे स्वच्छ सांगितलं: माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणं बंधनकारक. प्राथमिक चौकशीला जागा ठेवली ती मोजक्याच प्रकारांत, म्हणजे कौटुंबिक तंटे, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार असे.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. प्रथम खबर पूर्वी कलम १५४ मध्ये होती, ती आता १७३ मध्ये आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यायचा, हे कायद्यातच लिहिलं गेलं. घरबसल्या ऑनलाइन कळवता येतं, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. हे चांगलंच झालं. पण त्याच कलमात आणखी एक उपकलम आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षा आहे, तिथे उपअधीक्षकाच्या परवानगीनं ठाणेदार चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू शकतो. आता काकूंचा गुन्हा बघा. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या कायद्यात, हिसकावून चोरी करणं हा कलम ३०४ चा स्वतंत्र गुन्हा झालाय आणि त्याला कमाल शिक्षा आहे तीन वर्षं. म्हणजे काकू बरोब्बर त्या चौदा दिवसांच्या खिडकीत सापडल्या. ललिता कुमारीनं जे दार लावलं होतं ते इथे किलकिलं झालंय, असं माझं मत आहे. परीक्षेत हे मत लिहिलं तरी चालेल, पण आधी उपकलम लिहा.

हद्दीवरून आठवलं. गुन्हा जिथे घडला तिथल्याच न्यायालयात तो साधारणपणे चालायचा, हा नियम १८९८ च्या संहितेत कलम १७७ होता, १९७३ मध्येही १७७ च राहिला, आता १९७ झालाय. जुन्या इंदूरकर घरांत याचं उदाहरण न सांगता माहीत असतं, फक्त आवाज खाली करून. १९२५ च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. धागे होळकरांच्या दरबारापर्यंत आले, पण खटला चालला मुंबईच्या उच्च न्यायालयात, ज्यूरीसमोर. रक्त जिथे सांडलं तिथलं न्यायालय. पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांनी गादी सोडली, तो भाग मात्र संहितेत शोधू नका.

आकड्यांचा आणखी एक गंमतशीर घोळ सांगून टाकते, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. ‘१४४ लागली’ म्हणजे जमावबंदी, हे आपल्याला शाळेपासून पाठ. नव्या संहितेत जमावबंदी १६३ मध्ये गेली, आणि १४४ या नंबरावर काय आलं? पोटगी, जी पूर्वी १२५ मध्ये होती. आणि १२५ म्हटलं की इंदूरचं नाव निघतंच. एप्रिल १९७८ मध्ये इथल्याच दंडाधिकाऱ्याकडे शाहबानो यांनी १२५ खाली अर्ज केला, नवरा इथलाच वकील. दंडाधिकाऱ्यानं महिन्याला २५ रुपये दिले, उच्च न्यायालयानं १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटित मुस्लिम बाईलाही १२५ खाली पोटगी मिळते असं सांगितलं, त्यावर देश पेटला. पोरं हे प्रकरण व्यक्तिगत कायद्याच्या पेपरला वाचतात. मी त्यांना सांगते, हा मुळात आपल्या विषयाचा खटला आहे. शिक्षा करण्यासाठी नसलेलं, माणूस रस्त्यावर येऊ नये म्हणून ठेवलेलं एक कलम फौजदारी प्रक्रियेत का बसवलं असेल, यावर विचार करा. हो, आणि वकिलांच्या खोलीत अजून ‘४८२ टाकली’ म्हणाल तर कुणी विचारेल, कुठली? जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुने खटले जुन्या संहितेखालीच चालू आहेत, त्यामुळे दोन्ही नंबर डोक्यात ठेवण्यावाचून या पिढीला गत्यंतर नाही.

तर काकू. चार दिवसांनी पोलिसांना एक मुलगा सापडतो. इथे प्रश्न बदलला. आता विचारायचं: त्याला आत घेण्याची गरज आहे का? संशय असणं वेगळं आणि अटकेची गरज असणं वेगळं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची असेल तर कारणं लिहून ठेवा, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्या, हे कलम ३५ सांगतं. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं हेच पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना, दोघांनाही बजावलं. मुलगा पळून जाईल, दागिना वितळवून टाकेल, पुन्हा तेच करेल, यातलं काहीतरी कागदावर यायला हवं. ‘आरोपी आहे म्हणून अटक’ हे कारण होत नाही.

अटक झाली की चोवीस तास. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं, हे संहितेत आहे आणि त्याच्याही वर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. दंडाधिकारी केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही, पाहतो आणि पुन्हा नवा प्रश्न: तपासासाठी हा पोलिसांच्या ताब्यात लागतो का, की तुरुंगात ठेवून भागेल, की सोडता येईल? त्या मुलाच्या तोंडाकडे बघून ‘हा चोर दिसतो’ असं त्याला वाटलं तरी तो प्रश्न तिथे नाहीच. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांच्या वर नाही. जुन्या कायद्यात ते पंधरा दिवस सुरुवातीचेच असत, आता या गुन्ह्यात ते पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यातुकड्यानं घेता येतात. बचावाच्या वकिलाला हा बदल रुचत नाही, मलाही नाही. एकदा तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात येऊ शकतो, ही टांगती तलवार आहे.

आणि मग साठावा दिवस. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेचे गुन्हे असतील तर नव्वद, बाकीच्यांत साठ. तेवढ्या दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दिलं नाही आणि आरोपीनं जामीन मागितला, द्यायची तयारी दाखवली, तर तो सोडावाच लागतो. आमच्याकडे दोषारोपपत्राला ‘चालान’ म्हणतात. गाडीच्या दंडाची पावती नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना दर वेळी सांगावं लागतं. या जामिनात गुन्हा किती गंभीर, पुरावा किती भक्कम, याचा संबंधच नाही. फक्त कॅलेंडर बघायचं. रिमांड दिला तो पहिला दिवसही मोजायचा, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नक्की केलं. घरी वडिलांना हे समजावताना माझी दमछाक होते: "म्हणजे पोलीस आळशी निघाले म्हणून चोर सुटणार?" सुटत नाही हो बाबा, जामिनावर बाहेर येतो, खटला चालूच राहतो. आणि सरकारनं माणूस आत ठेवायचा पण का ते सांगायचं नाही, याला कुठेतरी कुंपण हवं की नको?

चालान आलं, नकला चौदा दिवसांच्या आत आरोपीला मिळाल्या. तीन वर्षांचा गुन्हा, म्हणजे खटला प्रथम वर्ग न्यायिक दंडाधिकाऱ्याकडेच चालणार. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा देता येते, दंडाची मर्यादा दहा हजारांवरून आता पन्नास हजार झाली. इथे एक गल्लत होते ती मिटवते. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जमावबंदी, शांतता राखण्याचे जातमुचलके ही कामं पोलीस अधिकारीच कार्यकारी दंडाधिकारी म्हणून करतात. नावात ‘दंडाधिकारी’ असला तरी तो खटला चालवत नाही. खटल्याचा दंडाधिकारी न्यायिक, उच्च न्यायालयाच्या हाताखालचा. १९७३ च्या संहितेनं हे दोन देशभर वेगळे केले.

आरोप ठेवण्याच्या दिवशी न्यायाधीश विचारतो: पोलिसांचे कागद आहेत तसे धरले तर खटला चालवण्याजोगं काही आहे का, की हा आरोपच निराधार आहे? दंडाधिकाऱ्याच्या वॉरंट खटल्यासाठी, म्हणजे दोन वर्षांवरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यासाठी, संहितेचा शब्दच ‘निराधार’ असा आहे. सत्र न्यायालयासाठी तो ‘पुरेसं कारण नाही’ असा आहे. पोरं दोन्हीकडे एकच उत्तर लिहून येतात. दोन्हीकडे साक्षी तोलायच्या नाहीत, जबर संशय उभा राहतो का एवढंच बघायचं. ‘आरोप ठेवला’ या मथळ्यावरून लोक माणसाला दोषी धरतात, पण त्या दिवशी न्यायालयानं फक्त ‘चला, ऐकूया’ म्हटलेलं असतं.

आता मी जिथे रमते त्या जागी आलो. साक्षीदाराचा पिंजरा.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून पाहावा लागतो आणि त्याची वही लिहावी लागते. तीस गुण असतात. बरीच पोरं वही एकमेकांच्या उतरवून काढतात. जे खरोखर जातात ते पहिल्या दिवशी हिरमुसून परत येतात. ना कुणी ओरडत, ना टेबल आपटत. एक बाई हळू आवाजात बोलतायत, न्यायाधीश टंकलेखकाला सांगतायत, आणि मधूनमधून हे विचित्र वाक्य ऐकू येतं: "प्रदर्श पी-एक के ए से ए भाग पर मेरे हस्ताक्षर हैं."

त्या वाक्यात अर्धा विषय आहे. ‘पी’ म्हणजे सरकार पक्षाचा कागद, ‘डी’ म्हणजे बचावाचा. महाराष्ट्रात ‘निशाणी’ म्हणतात, आम्ही ‘प्रदर्श’. काकूंची प्रथम खबर झाली प्र.पी.१. काकू झाल्या अ.सा.१, अभियोजन साक्षी क्रमांक एक. कागदावर जिथे त्यांची सही आहे तिच्या दोन्ही टोकांना पेनानं ‘ए’ ‘ए’ लिहायचं. पंचाची सही असेल तर ती ‘बी’ ते ‘बी’. मंगळसूत्र न्यायालयात आलं तर ते झालं आर्टिकल ए-१. कागद नुसता फाइलमध्ये आहे म्हणून पुरावा होत नाही. कुणीतरी पिंजऱ्यात उभं राहून हा कागद अमुक दिवशी अमक्यानं केला, ही माझी सही, असं सांगावं लागतं. तोवर तो कागद मुका असतो.

माझी पहिली उलटतपासणी मला याच कारणानं आठवते. साक्षीदारानं न्यायालयात सांगितलं, मी आरोपीला अंगावर धावून जाताना पाहिलं. पोलिसांनी पूर्वी लिहून घेतलेल्या जबाबात ते वाक्य नव्हतंच. मी मनात म्हटलं, सापडला! आणि ते शस्त्र युक्तिवादासाठी जपून ठेवलं. युक्तिवादाच्या दिवशी मी मोठ्या ऐटीत तो जबाब वाचायला लागले. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "हे तुम्ही साक्षीदाराला दाखवलं होतं का?" नव्हतं दाखवलं. मग तो कागद माझ्यासाठी नव्हताच. पोलिसांपुढचा जबाब, पूर्वी १६१ चा, आता १८० चा, स्वतः पुरावा नाही. त्यावर सही घ्यायलाही बंदी आहे. त्याचा उपयोग एकच: साक्षीदार पिंजऱ्यात असताना त्याला तो भाग दाखवायचा, विचारायचं की तुम्ही तेव्हा असं सांगितलं होतं का, किंवा हे तेव्हा का सांगितलं नाही. मग तो प्र.डी.१ होतो आणि विसंगतीचा भाग ए ते ए. माझ्या वरिष्ठांनी बाहेर आल्यावर एक शब्द काढला नाही, दोन कट चहा सांगितले. त्या चहाची चव अजून आठवते.

काकूंकडे परत येऊ. आता खरा मुद्दा: ओळख. पोलिसांनी मुलाला पकडल्यावर तुरुंगात ओळख परेड होते, आमच्याकडे बहुतेकदा नायब तहसीलदार घेतात. तशाच अंगाबांधाची काही मुलं रांगेत, त्यात हा एक. काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरांना वाटतं, झालं, सिद्ध! नाही. परेड ही तपास बरोबर दिशेनं चाललाय का, हे कळण्यासाठी. ठोस पुरावा म्हणजे काकूंनी न्यायालयात शपथेवर दिलेली ओळख. परेड तिला फक्त बळकटी देते. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २००३ च्या निकालात हे वाचा, आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे. आणि बचावाचा वकील काय विचारणार, तेही ओळखा. सहाला उजेड किती होता? चेहऱ्यावर रुमाल होता का? परेडच्या आधी ठाण्यात मुलगा तुम्हाला दाखवला होता का? व्हॉट्सॲपवर फोटो आला होता का? हा शेवटचा प्रश्न हल्ली बऱ्याच परेडी बुडवतो.

दुसरा मुद्दा दागिना. पोलिसांना मुलगा सांगतो, "मीच ओढलं, ते मी आमच्या घरामागच्या टाकीखाली पुरलंय." यातलं ‘मीच ओढलं’ हे न्यायालयात चालणार नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही. पण ‘टाकीखाली पुरलंय’ या बोलण्यामुळे वस्तू खरोखर सापडली, तर तेवढा तुकडा चालतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होतं, म्हणून आमचे पोलीस त्या कागदाला ‘सत्तावीसचं मेमोरेंडम’ म्हणतात; आता ते नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. किती तुकडा चालतो याची रेघ पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, ओढली, तिचा आधार आजही घेतात. मी वर्गात मुलांना लाल पेन देते आणि ते वाक्य खोडायला लावते. ‘मीच ओढलेलं मंगळसूत्र टाकीखाली पुरलंय’ यातला ‘मीच ओढलेलं’ खोडायचा. वाक्य एक, पण न्यायाधीशानं त्यातले तीन शब्द ऐकायचे आणि दोन विसरायचे, ही कसरत एकदा हातानं केली की कळते.

मेमोरेंडमवर आणि जप्तीवर दोन पंचांच्या सह्या असतात. एक पंच पिंजऱ्यात येतो आणि सांगतो, "सह्या माझ्या, पण पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतल्या." मराठीत आपण त्याला ‘फितूर’ म्हणतो, इथल्या हिंदीत ‘पक्षद्रोही’. दोन्ही शब्दांत शिवी आहे. कायद्यात शिवी नाही. कायदा फक्त म्हणतो की सरकारी वकिलाला आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याची परवानगी मिळू शकते. तो फितला म्हणून त्याची सगळी साक्ष कचऱ्यात जात नाही, जेवढी विश्वासार्ह असेल तेवढी घेता येते. आणि पंच उलटला तरी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष उरतेच. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण मोबाइलवर का होईना करायचं, असं नव्या संहितेचं कलम १०५ सांगतं. म्हणजे काही वर्षांनी ‘कोऱ्या कागदावर सह्या’ हे वाक्य ऐकू येणं कमी व्हावं. तेच तेच पंच दहा-दहा खटल्यांत यायचे, त्यांचे चेहरे कोर्टातल्या चहावाल्यालाही पाठ असत.

साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला सगळ्या गोष्टी एकेक करून विचारतो. काकूंनी तुम्हाला ओळखलं, काय म्हणायचंय? दागिना तुमच्या सांगण्यावरून सापडला, काय म्हणायचंय? पूर्वीचं ३१३, आताचं ३५१. शपथ नाही, खोटं बोलला म्हणून शिक्षा नाही. बहुतेक उत्तरं असतात ‘माहीत नाही’ आणि ‘खोटं आहे’. मुलांना हा उपचार वाटतो. पण जी बाब त्याला विचारली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली न्यायालयानं सांगितलं. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं तिथेच आहेत, निकालातच त्यांना पंचशील म्हटलंय.

आणि आता, इतक्या उशिरा, तो जिन्यातला प्रश्न. त्यानं ओढलं होतं का? खरं तर न्यायालय अजूनही नेमकं तेच विचारत नाही. ते विचारतं: सरकार पक्षानं वाजवी संशयापलीकडे सिद्ध केलं का? ‘वाजवी संशयापलीकडे’ हे शब्द आपल्या पुरावा कायद्यात कुठेच नाहीत, शोधून बघा. तिथे आहे तो शहाणा, व्यवहारी माणूस, ज्यानं एखादी गोष्ट खरी मानून पुढचं पाऊल टाकावं. बाकी सगळं निकालांनी घडवलं. काकूंची ओळख टिकली आणि दागिनाही सापडला तर दोन खांब उभे राहतात. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडे सापडला तो एकतर चोर, नाहीतर चोरीचा माल ठेवणारा, असं गृहीत धरायची मुभाही कायद्यात आहे. ओळख डळमळली, पंच उलटला, आणि टाकी अशा जागी निघाली की जिथे गल्लीतलं कुणीही जाऊ शकतं, तर मुलगा सुटेल. सुटला म्हणजे न्यायालयानं ‘त्यानं ओढलं नाही’ असं म्हटलं का? तेही नाही. मी हे सांगितल्यावर रामबागेतल्या मुलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोहे दिले आणि जिलेबी परत घेतली.

त्याला मी एका निकालाची नक्कल वाचायला दिली, आणि म्हटलं, शेवटून सुरू कर. दोषी असो की निर्दोष, शेवटच्या परिच्छेदात एक ओळ असते जी कुणी वाचत नाही. मंगळसूत्र इतके दिवस कुठे होतं? ठाण्याच्या मालखान्यात नव्हतं. न्यायालयाच्या आदेशानं ते काकूंना सुपुर्दनाम्यावर मिळालेलं असतं: विकायचं नाही, मोडायचं नाही, नवीन घडवायचं नाही, न्यायालय मागेल तेव्हा आणायचं. वस्तू ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्या, हे सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सांगितलं गेलं. म्हणून काकू साक्षीच्या दिवशी तेच गळ्यात घालून आल्या, पिंजऱ्यात काढून टेबलावर ठेवलं, त्याचं आर्टिकल ए-१ झालं, आणि परत जाताना पुन्हा गळ्यात घातलं.

मुलानं ती ओळ बोट ठेवून वाचली. "सुपुर्दनामा अपील अवधि पश्चात भारमुक्त समझा जावे." मग विचारलं, "मॅडम, म्हणजे अपिलाची मुदत संपेपर्यंत काकूंना ते मोडून बांगड्या करता येणार नाहीत?"

नाही येणार.